हिरव्या बनातीवरचे पुनरागमन

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात जोसेफ मॉस्कोनी नावाचे एक गृहस्थ पूल खेळण्याचा अड्डा चालवीत आणि त्याच अड्ड्याच्या वरच्या मजल्यावर सहकुटुंब राहत असत. अशा घरात वाढणाऱ्या मुलाला त्या खेळाची ओढ लागावी यात नवल नाही. नवल हे, की पित्यालाच ती ओढ मंजूर नव्हती. आपला मुलगा विली याने नातलगांच्या नृत्यमंडळीत शिरून रंगभूमीवर नाव काढावे असा त्यांचा मनसुबा असल्यामुळे चेंडू आणि काठ्या मुलाच्या हाती लागू नयेत असा बंदोबस्त त्यांनी केला होता. तेव्हा त्या मुलाने आईच्या स्वयंपाकघरातील लहानसे गोल बटाटे उचलले, जुन्या झाडूचा दांडा हाती घेतला, आणि पित्याची नजर चुकवून तो टेबलावर सराव करू लागला. पुढे १९४१ ते १९५७ या काळात पंधरा वेळा जगज्जेता ठरलेल्या विली मॉस्कोनीच्या विद्येचा प्रारंभ हा असा झाला.

पूल म्हणजे बिलियर्ड्सच्याच कुळातील, सहा खिशांच्या टेबलावर पंधरा रंगीत आणि एका पांढऱ्या चेंडूने खेळावयाचा खेळ. त्याचा इतिहास बहुधा साधनांचा इतिहास म्हणून लिहिला जातो, आणि तसे लिहिणे सोपेही आहे. कारण साधनांना सन असतात, पेटंटे असतात, कारखानदारांची दप्तरे असतात. माझे मत निराळे आहे. या खेळातील जी विद्या टिकली ती अपुऱ्या साधनांनी खेळणाऱ्यांनी आणि खेळापासून दुरावून परत आलेल्यांनी घडविली, आणि साधनांतील सर्वांत मोठी सुधारणासुद्धा अशाच एका माणसाच्या नावावर नोंदली गेली आहे.

तो माणूस म्हणजे फ्रेंच पायदळातील कप्तान फ्रांस्वा मिंगो. राजकीय कारणावरून पॅरिसनजीकच्या बिसेत्र येथे तो कैदेत होता, आणि तेथे त्याला बिलियर्डच्या टेबलापाशी जाण्याची मुभा मिळाली होती. त्या काळापर्यंत काठीचे टोक उघड्या लाकडाचे असे. खेळाडू ते कानशीने खरखरीत करीत, क्वचित भिंतीच्या अथवा छताच्या चुन्यावर फिरवून त्यास थोडी पकड आणीत. परंतु चेंडूच्या मध्यभागापासून जराशा अंतरावर प्रहार केला की लाकूड गुळगुळीत पृष्ठभागावरून निसटे आणि डाव वाया जाई. मिंगोने त्या टोकावर चामड्याची गोल चकती बसविली. चामडे किंचित दबते, क्षणमात्र चेंडूला धरून ठेवते, आणि त्यामुळे चेंडूच्या तळाशी, माथ्याशी अथवा कडेला प्रहार करून त्यास हवी तशी फिरत देता येते. आदळल्यानंतर पुढे धावण्याऐवजी पांढरा चेंडू आज्ञाधारकपणे मागे परतलेला पाहून १८०७ साली त्याच्या सुटकेनंतर लोक थक्क झाले, आणि १८२७ साली त्याने या विद्येवर ग्रंथही प्रसिद्ध केला. सुटकेची वेळ आली तेव्हा प्रयोग पुरे व्हावेत म्हणून त्याने कैदेची मुदत वाढवून मागितली अशी आख्यायिका सांगतात. ती खरी मानण्याचा आग्रह मी धरणार नाही. पण ज्याला जगातील बाकी सारे व्यवहार बंद होते आणि एक टेबल व एक काठी एवढेच ज्याच्या वाट्यास आले होते, त्यालाच त्या काठीच्या टोकाकडे इतक्या एकाग्रतेने पाहण्याचे सुचावे, हे मला सर्वथा स्वाभाविक वाटते.

बाकीच्या सुधारणा थोडक्यात आटोपतील. लंडनच्या जॉन थर्स्टनने १८२६ साली लाकडी फळीऐवजी पाटीच्या दगडाचा तळ बसविला, म्हणून टेबल सपाट राहू लागले. त्यानंतर कडांना रबर आले, परंतु ते थंडीत इतके कठीण होई की खेळापूर्वी गरम पाण्याचे डबे लावून त्यास ऊब द्यावी लागे, आणि गंधकाची प्रक्रिया केलेले रबर मिळू लागले तेव्हाच तो त्रास संपला. चेंडू हस्तिदंताचे असत. एका सुळ्यातून मोजकेच चांगले चेंडू निघत आणि त्यापायी हत्तींचा संहार होई, ही या खेळाच्या इतिहासातील खरोखर लज्जास्पद बाब आहे. फेलन आणि कॉलेंडर या अमेरिकन कारखानदारांनी हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास १०,००० डॉलरांचे इनाम जाहीर केले, आणि त्या प्रेरणेने जॉन वेस्ली हायट याने १८७० च्या सुमारास सेल्युलॉइड सिद्ध केले. याच दशकात, १८७५ साली, आपल्याकडे जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने जुन्या खेळांची सरमिसळ करून स्नूकरची कल्पना मांडली. आणि ज्या देशात ही टेबले साहेबलोकांच्या क्लबांपुरती येत असत, त्याच देशातील, पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सने १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळविणारा तो पहिला भारतीय होय.

अमेरिकेतील सामान्य माणसाच्या हाती मात्र ही साधने आली ती अड्ड्याच्या मालकाने पुरविलेल्या रूपात. भिंतीवरील चौकटीत एकसंध लाकडाच्या काठ्या ओळीने लावलेल्या असत. कित्येक वाकलेल्या, कित्येकींची चामड्याची टोके घासून सपाट झालेली. जाणता गिऱ्हाईक त्यांतील एक उचलून टेबलावर लोटून पाही, ती उडत न जाता सरळ लोळली तर पत्करी, टोकास कागदाने घासून गोलाई आणी, खडू लावी, आणि मग टेबलाची परीक्षा सुरू करी. बनात जुनी व मळकट असेल तर चेंडू लवकर थांबतो. दमट हवेत तर अधिकच. चेंडूंवर कीट चढले असेल तर एकाची फिरत दुसऱ्यास लागून नेम ढळतो. एखादा कोपरा बसलेला असेल तर मंद गतीचा चेंडू शेवटच्या वीतभर अंतरात त्या बाजूस वळतो. अशा टेबलावर चांगला खेळाडू आपली चमत्कृती आवरती घेतो, काठी चेंडूच्या मध्यरेषेजवळच ठेवतो, फिरत अगदी गरजेपुरती देतो, आणि पुढचा फटका सोपा राहील एवढ्याच अंतरावर पांढरा चेंडू आणून ठेवतो. दीर्घ खंडानंतर परतणाऱ्यालाही हाच मार्ग हितकर असतो. त्याची दृष्टी सहसा शाबूत असते. हरवलेले असते ते बळाचे माप. कोन त्याला दिसतो, पण त्या कोनातून चेंडू नेण्यास किती जोर पुरे हे हात विसरलेला असतो. ते माप जवळच्या, सरळ, हलक्या फटक्यांनीच परत येते, आणि त्यासाठी मालकाची साधी काठी पुरेशी होते.

मॉस्कोनीच्या चरित्रात हे सारे एकवटलेले आहे. बटाट्यांचा सराव उघडकीस आल्यावर पित्याचे मन पालटले, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाचे सामने तिकीट लावून होऊ लागले. तत्कालीन विजेता राल्फ ग्रीनलीफ याच्याशीही तो खेळला. परंतु कौतुकाच्या त्या गर्दीला मुलगा विटला आणि त्याने खेळ सोडून दिला. कित्येक वर्षांचा खंड पडला. पुढे घरची परिस्थिती ओढग्रस्त झाली, शिक्षण राहिले, गाद्या-खुर्च्या मढविण्याच्या कामावर तो लागला आणि तीही नोकरी गेली, तेव्हा आर्थिक मंदीच्या त्या भीषण काळात बक्षिसाच्या रकमेसाठी त्याने पुन्हा काठी धरली. मंदीतले अड्डे बेकार माणसांनी भरलेले असत. घटकाभर उबेत बसावयास जागा मिळे आणि खेळास पैसे फारसे लागत नसत. या परतीनंतर थोड्याच वर्षांत पूलची टेबले बनविणाऱ्या ब्रन्सविक कंपनीने त्याची नेमणूक केली आणि ग्रीनलीफबरोबर दौऱ्यावर पाठविले. १०७ सामन्यांपैकी ग्रीनलीफने ५७ जिंकले, मॉस्कोनीने ५०. देशातील सर्वश्रेष्ठ खेळाडूसमोर, रोज नव्या गावी, रोज नव्या टेबलावर मिळालेले हे शिक्षण कोणत्याही शाळेत मिळाले नसते.

१९ मार्च १९५४ रोजी ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील एका क्लबात, आठ फूट लांब व चार फूट रुंद अशा लहान टेबलावर, प्रदर्शनार्थ ठरविलेल्या सामन्यात त्याने एकही चूक न करता सलग ५२६ चेंडू खिशात घातले. तो खेळत होता त्या पूलच्या प्रकारात कोणता चेंडू कोणत्या खिशात जाणार हे आधी जाहीर करावे लागते, आणि प्रत्येक वेळी चौदा चेंडू संपले की ते पुन्हा रचून उरलेल्या पंधराव्याच्या साहाय्याने ती रचना फोडावी लागते. म्हणजे त्याने ती रचना सदतीस वेळा फोडली. लहान टेबलावर फटक्याची लांबी कमी, हे खरे; पण चेंडूंची दाटी अधिक असते आणि वाट काढणे अवघड होते, म्हणून टेबलाच्या मापावरून त्या पराक्रमाचे मोल घटवू पाहणाऱ्यांशी मी सहमत नाही. उपस्थितांपैकी पस्तीसांहून अधिक जणांनी प्रतिज्ञापत्रावर सह्या करून त्याची साक्ष दिली. १९५६ च्या अखेरीस त्याला पक्षाघाताचा झटका आला. तरीही काही महिन्यांत तो टेबलापाशी परतला.

त्याच सुमारास खुद्द या खेळाचे दिवस फिरले होते. युद्धोत्तर काळात अड्डे ओस पडले, पुष्कळ बंद झाले. ब्रुकलिनमधील जॉर्ज बालाबुष्का या रशियात जन्मलेल्या सुताराने १९५९ पासून मित्रांना भेट देण्यासाठी काठ्या बनविण्यास आरंभ केला, तो ब्रन्सविकच्या अड्ड्यांत टांगलेल्या एकसंध काठ्यांतूनच; पुढे संग्राहकांनी अपार किंमत देऊन जपलेल्या वस्तूंचे मूळ लाकूड हे असे सामान्य होते. १९६१ साली रॉबर्ट रॉसेनचा ‘द हसलर’ हा चित्रपट निघाला. पॉल न्यूमनला काठी धरावयास मॉस्कोनीने शिकविले, आणि त्या चित्रपटाने अड्ड्यांत पुन्हा गर्दी आणली. इलिनॉयमधील जॉन्स्टन सिटीत त्याच वर्षी सुरू झालेल्या स्पर्धांनी, पैजेच्या खेळात नामांकित असूनही पदकांपासून दूर राहिलेल्या लूथर लॅसिटरसारख्यांना उजेडात आणले. उत्तर कॅरोलिनाच्या या माणसाने १९६३ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, जागतिक विजेतेपद मिळविले.

मॉस्कोनीचा ५२६ चा उच्चांक पासष्ट वर्षे टिकला. २०१९ साली जॉन श्मिटने ६२६ चेंडू घालून तो मोडला, आणि २०२२ साली जेसन शॉने ७१४ पर्यंत मजल नेली. दोघेही असामान्य खेळाडू, आणि त्यांच्या श्रमांबद्दल मला नितांत आदर आहे. तथापि श्मिटने महिनोन्महिने केवळ त्या एकाच संख्येचा पाठलाग केला होता. मॉस्कोनीने ती संख्या गाठली ती परगावच्या टेबलावर, एका ठरलेल्या सामन्यात, आणि तो सामना जिंकण्यास त्यातील थोडेच चेंडू पुरेसे होते.