लॅपटॉप आपला, किल्ली कोणाची?

मागच्या महिन्यात आमच्या साप्ताहिकाच्या ऑफिसातला जुना लॅपटॉप भंगारात निघणार होता. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ त्या मशीनवर चढत नाही आणि नवीन घ्यायला गल्ल्यात पैसे नाहीत. भाचा इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला, "मामा, लिनक्स टाकू, फुकट आहे."

टाकायला बसलो. आधी इन्स्टॉलर म्हणतो, या लॅपटॉपमध्ये डिस्कच नाही. ते कसंबसं निस्तरलं, तर रीस्टार्ट केल्यावर स्क्रीन काळी ठिक्कर. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, दिसत काहीच नाही. भाच्याने दोन्ही दुरुस्त केलं, कसं ते पुढे सांगतो. पण डिस्क धडधाकट असताना दिसत का नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. खोदायला लागलो तर चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं भांडण वर आलं.

त्याची सुरुवात एका प्रिंटरपासून होते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रॅमर होता. जुन्या प्रिंटरचा प्रोग्रॅम हाताशी असल्यामुळे त्याने एक सोय करून ठेवली होती. कागद अडकला की ज्यांची प्रिंट थांबलीय त्यांना संगणकावर निरोप जायचा. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. प्रिंटर झकास, पण त्याचा मूळ प्रोग्रॅम कंपनीने दिलाच नाही. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो आहे असं कळल्यावर स्टॉलमन त्याच्याकडे गेला. तो म्हणाला, कोणाला देणार नाही असं मी कंपनीला कबूल केलंय. स्टॉलमन ते विसरला नाही. १९८३ मध्ये त्याने जीएनयू प्रकल्प जाहीर केला, आणि १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. या दोन गोष्टी जोडून आजचं लिनक्स उभं आहे.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. ऑपरेटिंग सिस्टीम एक भाषा बोलते, कार्ड दुसरी. कार्डाची भाषा कंपनीने सांगितली तर कोणीही दुभाषा होऊ शकतो. नाही सांगितली तर कंपनी पाठवेल तोच दुभाषा, आणि तो कधी यायचा बंद होईल हेही कंपनीच ठरवणार.

ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. इंटेलने आपले ड्रायव्हर उघडे ठेवले. एएमडीने २००६ मध्ये एटीआय विकत घेतली आणि २००७ च्या सप्टेंबरमध्ये कार्डांची तांत्रिक कागदपत्रं खुली करायचं जाहीर केलं. एनव्हिडियाने मात्र लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला तो बंद डब्यात. मग काही हट्टी मंडळींनी 'नूवो' नावाचा खुला ड्रायव्हर लिहायला घेतला. कागदपत्रं नाहीत, मदत नाही. कंपनीचा ड्रायव्हर कार्डाला कोणते आकडे पाठवतो ते टिपायचं आणि त्यावरून भाषा ओळखायची. कुलूपवाल्याच्या हाताकडे बघून किल्ली घडवण्यातला प्रकार! २०१० मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात शिरला. पुढे २०१४ नंतरच्या कार्डांत कंपनीची सही असलेलं फर्मवेअर लागायला लागलं आणि नूवोवाल्यांचे हात पुन्हा बांधले गेले. कार्ड चालायचं, पण पहिल्या गिअरमध्ये.

लॅपटॉपवाल्यांचे हाल वेगळेच. २०१० पासून एनव्हिडियाची ऑप्टिमस पद्धत आली. एका लॅपटॉपमध्ये दोन कार्डं: साध्या कामाला इंटेलचं, जड कामाला एनव्हिडियाचं. विंडोजवर ती आपोआप बदलायची, लिनक्सवर कंपनीने सोयच दिली नाही. मग लोकांनी 'बंबलबी' नावाचा जुगाड केला. २०११ मध्ये त्याच्या इन्स्टॉल करायच्या प्रोग्रॅममध्ये एक चूक राहिली: फोल्डर पुसायच्या आज्ञेत एक रिकामी जागा जास्तीची पडली. त्या एका जागेमुळे एका छोट्या फोल्डरऐवजी यूएसआर हे अख्खं फोल्डरच उडायचं, म्हणजे जवळजवळ सगळे प्रोग्रॅम साफ. मी प्रूफं तपासून म्हातारा होत आलोय, पण स्पेसची एवढी महाग चूक ऐकली नव्हती.

२०१२ च्या जूनमध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात टोरवाल्ड्सला श्रोत्यांमधून याच ऑप्टिमसबद्दल विचारलं गेलं. त्याने कॅमेऱ्याकडे वळून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं आणि शिवी हासडली. सभ्य नव्हतं, पण अनेकांच्या मनातलं होतं. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने गाभ्यात चालणारा ड्रायव्हरचा भाग खुला केला, तोही २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्याच कार्डांसाठी. जुन्या कार्डांचं काय? बंद ड्रायव्हरची ३४० ही मालिका २०१९ अखेर थांबली, ३९० ही २०२२ अखेर. कार्ड चांगलं, दुभाषा निवृत्त. २००७ च्या आसपासच्या एटीआय कार्डांचे खुले ड्रायव्हर मात्र कोणी ना कोणी अजून सांभाळतंय.

आता डिस्ककडे. पूर्वीच्या अडचणी भाबड्या होत्या. लिलो नावाचा बूट करणारा प्रोग्रॅम आपल्याच नावाची अक्षरं एकेक करून स्क्रीनवर उमटवायचा आणि कुठे अडकला ते त्यावरून कळायचं. दोन अक्षरांवर थांबला तर एक दुखणं, तिसऱ्यावर थांबला तर दुसरं. नंतर ग्रब आला. मध्येच गाभ्याने डिस्कांची नावं बदलली, एचडीएची एसडीए झाली. नगरपरिषदेने घरांचे नंबर बदलल्यावर पोस्टमन भांबावतो तसं झालं, म्हणून डिस्कला आधार नंबरासारखा स्वतःचा लांबलचक क्रमांक वापरायची पद्धत रुळली.

खरी मेख २०१२ मध्ये आली. विंडोज ८ सोबत सिक्युअर बूट आलं: मशीन सुरू होताना सही तपासणार, ओळखीची सही नसेल तर पुढे जाऊ देणार नाही. व्हायरस रोखायला चांगलं. पण जवळजवळ प्रत्येक पीसीत किल्ली असणार मायक्रोसॉफ्टची. फेडोराच्या लोकांनी शेवटी ९९ डॉलर भरून मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेतून आपल्या छोट्या बूट प्रोग्रॅमवर सही घ्यायचं ठरवलं. स्पर्धकाच्या दारात जाऊन सही आणायची! पीसीवर सिक्युअर बूट बंद करायची मुभा राहिली, एआरएमच्या विंडोज मशीनवर तीही नव्हती. काळ्या स्क्रीनचा एक धागा इथेही येतो: सिक्युअर बूट चालू असताना बाहेरून टाकलेल्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर सही नसेल तर गाभा तो उचलतच नाही.

२०१६ मध्ये लेनोवोच्या योगा ९०० वर लोक लिनक्स टाकायला गेले तर डिस्क गायब. एसएसडी रेड मोडमध्ये लावलेली, लिनक्सकडे त्याचा ड्रायव्हर नाही आणि बायॉसमध्ये एएचसीआय मोडवर जायचा पर्यायच ठेवलेला नाही. मायक्रोसॉफ्टशी करार आहे अशी बोंब उठली. लेनोवोने ते नाकारलं, पण ओरड झाल्यावर एएचसीआयचा पर्याय असलेलं बायॉस दिलं. म्हणजे देता येत होतं.

आमचं दुखणं त्याच घराण्यातलं निघालं. कंपनी वेगळी, नाव लिहीत नाही. सुदैवाने आमच्या बायॉसमध्ये पर्याय होता. रेडचं एएचसीआय केलं आणि डिस्क दिसली. (विंडोज ठेवायचं असेल तर थेट असं करू नका. आधी ते सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी तजवीज करा, नाहीतर तेच उठणार नाही.) काळ्या स्क्रीनसाठी ग्रबच्या मेन्यूत ई दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द लिहिला आणि एफ १० दाबलं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बाजूला राहिला, साधं चित्र आलं. मग योग्य ड्रायव्हर टाकून तो शब्द काढला. सगळा मिळून दीड तास.

तालुक्यात शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायतींकडे विंडोज १० चे किती संगणक अडकलेत, कोणी मोजलंय का? खरेदीची टेंडरं मी वीस वर्षं वाचतोय. रॅम किती, डिस्क किती, सगळं असतं. कार्डाचा ड्रायव्हर खुला हवा आणि बूटची सेटिंग बदलता आली पाहिजे, ही अट एकदाही वाचली नाही. पुढच्या टेंडरच्या वेळी मी लेखी विचारणार आहे.

तोवर कोणी मशीन भंगारात देत असेल तर आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा. 'इन्स्टॉल' दाबत नाही तोवर डिस्कवरचं काही पुसलं जात नाही. अडलं तर रविवारी ऑफिसात या, भाचा सकाळी अकरानंतर असतो. चार्जर आठवणीने आणा.