इशाऱ्याचा भोंगा : नाद आणि संकेत

संकट दिसण्यापूर्वी त्याची वार्ता कानी पडावी, ही मनुष्याची फार जुनी गरज आहे. आपल्या सातारा-सांगलीच्या मुलखात ती गरज गडांवरील नगाऱ्यांनी, तोफांनी आणि गावोगावच्या दवंडीने भागविली. बाजीप्रभूंच्या कथेत विशाळगडावरील तोफांची वाट पाहिली जाते. ती कथा परंपरेने ज्या रूपाने आपणांपर्यंत आली, त्यात एक मर्म दडलेले आहे. तोफेचा आवाज मोठा होता एवढ्यानेच तो उपयोगी पडला नाही. त्या आवाजाचा अर्थ काय, हे आधी ठरलेले होते. नाद आणि संकेत या दोन गोष्टी निराळ्या आहेत. भोंग्यांचा इतिहास पाहताना आम्ही हा भेद श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा अशी विनंती करतो.

ज्याला आपण सरसकट 'भोंगा' म्हणतो, त्यात तीन-चार जातींची यंत्रे मोडतात. साखर कारखान्याचा किंवा गिरणीचा जुना भोंगा ही खरे म्हणजे वाफेची शिट्टी. बाष्पकातील वाफ एका अरुंद फटीतून सुटते आणि शिट्टीच्या पोकळीतील हवा कंप पावते. बासरीचा आणि तिचा कुळाचार एकच. 'सायरन' मात्र वेगळ्या कुळातला. त्याची कल्पना एडिंबरोच्या जॉन रॉबिसन याने अठराव्या शतकाच्या अखेरीस काढली, आणि १८१९ साली कान्यार द ला तूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती सुधारून यंत्राचे बारसे केले. पाण्याखालीही ते वाजते, म्हणून त्याने ग्रीक पुराणांतील समुद्रकन्यांचे नाव त्याला दिले. त्या कन्या गोड गाऊन खलाशांना खडकांकडे ओढीत. त्यांचे नाव मिळालेले यंत्र लोकांना संकटापासून दूर पळविते. नावाचा असा उलटा प्रवास क्वचितच घडतो.

हे यंत्र प्रथम जन्मले ते नाद मोजण्यासाठी. एका चकतीला समान अंतरावर छिद्रे पाडायची, तीवर हवेचा झोत सोडायचा आणि चकती फिरवायची. झोत क्षणात अडतो, क्षणात सुटतो. सेकंदाला जितके फेरे, त्याला छिद्रांच्या संख्येने गुणले की नादाची कंपनसंख्या हाती येते. पुढे हेल्महोल्ट्झसारख्या जर्मन पंडिताने स्वरांच्या अभ्यासात या यंत्राचा उपयोग केला. आपल्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यामागेही स्वराला आकड्यात पकडण्याचीच तळमळ होती. तेव्हा भोंगा हा संगीताला परका नाही, हे सांगली-मिरजेच्या श्रोत्यांना तरी पटावे.

विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या भोंग्यात फिरत्या पंख्याभोवती खाचांचे स्थिर कडे असते. पंखा हवा आत ओढतो आणि खाचांतून बाहेर फेकतो. मोटारीचे मिनिटाला २,८०० फेरे आणि कड्याला १० खाचा धरल्या, तर सेकंदाला सुमारे ४६७ कंपने होतात. त्याच दांड्यावर १२ खाचांचे दुसरे कडे बसविले तर ५६० होतात. या दोहोंचे प्रमाण ५ : ६, म्हणजे षड्ज आणि कोमल गंधार यांचे. दुसऱ्या महायुद्धातील इंग्लंडच्या पुष्कळ भोंग्यांत हीच जोडी होती. त्यांचा विव्हळ स्वर ऐकून माणसांच्या काळजात जे धस्स होई, त्याला विमानांची भीती कारण होती हे उघड आहे. पण त्या कोमल गंधाराचा त्यात काहीच वाटा नसेल असे आम्हांस वाटत नाही. अमेरिकेतील काही भोंग्यांत ८ व १२ खाचा असतात. तेथे षड्ज-पंचम जुळतो आणि आवाज अधिक सरळ, भरदार लागतो.

हाताने फिरविण्याच्या भोंग्यात तत्त्व हेच, फक्त मोटारीच्या जागी दातेरी चाके आणि मनुष्याचा दंड. आवाज थोड्या अंतरावर विरतो, पण वीज गेली तरी यंत्र मुके होत नाही. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला क्रायस्लर कंपनीचा १९५२ सालचा अमेरिकन भोंगा. त्यावर १८० अश्वशक्तीचे मोटारगाडीचे इंजिन बसविलेले होते, आणि १०० फुटांवर आवाज १३८ डेसिबल भरे. अगदी अलीकडच्या इलेक्ट्रॉनिक भोंग्यात फिरणारा भागच नाही. ध्वनिक्षेपकांतून तो हवा तो स्वर काढतो, बॅटरीवर चालतो आणि मुख्य म्हणजे बोलू शकतो. 'नदीकाठ सोडा' असे स्पष्ट शब्द त्यातून उमटतात.

मग सर्वांत थोरला भोंगा आणून टेकडीवर बसविला की काम झाले काय? तसे नाही. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. मुसळधार पाऊस, उलटा वारा, लावून घेतलेली दारे त्याला आणखी खातात. खालचा स्वर लांब जातो, उंच स्वर वाटेतच शोषला जातो. म्हणून डोंगराळ पाटणला जे यंत्र शोभेल तेच सपाटीवरील मिरजेला शोभेल असे नाही.

कोयनेचे उदाहरण घ्या. धरणाचे दरवाजे उघडण्यापूर्वी भोंगा वाजतो. तो पायथ्याच्या लोकांसाठी. तेच पाणी कराडला कृष्णेस मिळून सांगलीस पोहोचावयास बरेच तास लागतात, आणि तितक्या दूर कोणताही भोंगा पोहोचत नाही. तेथे इशाऱ्याचे काम आयर्विन पुलावरील आकडा करतो. १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलाजवळ ४० फूट ही इशाऱ्याची आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेले. त्याच महिन्याच्या ८ तारखेस ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे नेणारी नाव उलटली व अनेकांचा अंत झाला. इशारा कानी पडला तरी निघावयास वाट आणि बसावयास पुरेशी नाव नसेल, तर त्या इशाऱ्याचे मोल किती उरते? आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला जो भूकंप झाला, त्याने तर भोंग्याला हात घालण्याइतकी उसंतही दिली नाही. यंत्राची मर्यादा ओळखणे हेही शहाणपणच होय.

आता संकेताकडे वळू. नागरी संरक्षणाच्या पद्धतीत चढउताराचा स्वर म्हणजे हल्ल्याचा धोका आणि एकसारखा स्वर म्हणजे धोका टळला. मोटारीची वीज आलटून पालटून तोडली की फेरे मंदावतात, स्वर उतरतो. पुन्हा जोडली की चढतो. १९७१ च्या युद्धात मुंबईकरांना हे संकेत पाठ होते. ७ मे २०२५ रोजी देशभर सराव झाला तेव्हा महाराष्ट्रातील निवडक ठिकाणी तोच स्वर पुन्हा घुमला, आणि तरुण पिढीला त्याचा अर्थ नव्याने सांगावा लागला.

याच्या उलट कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव पाहा. २०२२ साली त्या गावाने ठराव केला की संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरील भोंगा वाजावा आणि ८॥ पर्यंत घरोघरी दूरदर्शन संच व मोबाईल बंद राहावेत. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलावे. त्या भोंग्यात असामान्य असे काही नाही. परंतु सर्वांनी मिळून त्याला एक अर्थ दिला, म्हणून त्या आवाजाने घरोघरचे पडदे विझले. ना पोलीस, ना पूर, ना विमाने.

भोंग्याची निवड करताना खाचा, अश्वशक्ती, डेसिबल हे सारे पाहिलेच पाहिजे. ते तंत्रज्ञांचे काम आहे. पण हा स्वर वाजला तर म्हाताऱ्यांना कोण उचलणार, गुरे कोण सोडणार, कोणत्या शाळेत जमावयाचे, हे पावसाळ्यापूर्वी ग्रामसभेत ठरविणे हे आपले काम आहे. ते झाले असेल तर हाताने फिरविलेला साधा भोंगाही गाव वाचवील.