श्वानबळी आणि कांद्याचा रस्सा
गृहस्थाने बळिहरणात, म्हणजे अन्नाचे वाटे काढून ठेवण्याच्या विधीत, श्वानांसाठीही अन्न हळूच भूमीवर ठेवावे, असा दंडक मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. आणि हे वाटे ज्या अन्नातून काढीत, त्या वैश्वदेवाच्या आहुतीत क्षार-लवण वर्ज्य असल्यामुळे त्या मुक्या जीवाच्या वाट्यास बहुधा अळणी भातच येत असावा. पुढे विधी मागे पडला, कुत्र्याला शेवटची भाकरी घालण्याचा रिवाज तेवढा उरला. परंतु तिच्यावर उरलासुरला कांद्याचा रस्सा ओतण्याची माया मात्र घातक ठरते. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, हे १९३० साली अमेरिकेत प्रयोगान्ती नोंदले गेले. शिजवून वा वाळवून मसाल्यात कुटल्यानेही तो दोष जात नाही, आणि दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडून लघवी काळपट-तांबडी होते, तेव्हा कुठे धन्याच्या ध्यानी येते. आमची आजी ती भाकरी कोरडीच मोडून, ताकाच्या निवळीत भिजवून ओट्यावर ठेवी.