गुरूचा हात आणि शिष्याची शंका

वैद्यकाचा इतिहास सांगताना शोधांची यादी वाचण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्ही आज एका संकोचाची हकीकत सांगणार आहोत. कर्करोगाचे वैद्यक शिकणाऱ्या तरुण डॉक्टरला रोग्यापुढे ‘मला ठाऊक नाही’ हे तीन शब्द उच्चारणे इतके जड का जाते?

अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय 1889 साली उघडले. तेथे विल्यम हॉल्स्टेड यांनी शल्यवैद्य घडविण्याची नवी पद्धत घातली. उमेदवाराने रुग्णालयातच राहावे, वर्षानुवर्षे गुरूच्या हाताखाली राबावे, आणि पुष्कळांतून एखाद्यानेच शेवटची पायरी गाठावी. आपल्याकडच्या ‘रेसिडेंट’ डॉक्टरांची परंपरा तेथवर पोचते. याच हॉल्स्टेडांनी 1894 साली स्तनाच्या कर्करोगाच्या 50 रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी, सारे एकसंध काढावयाचे. रोग मूळ जागेपासून पायरीपायरीने पसरतो, तेव्हा जितके लांबवर कापावे तितके बरे, हा त्यामागचा तर्क. तो वेडगळ नव्हता. कापलेल्या जागी रोग पुन्हा उगवण्याचे प्रमाण हॉल्स्टेडांनी खरोखरच खाली आणले होते.

पण शिष्यांनी कौशल्याबरोबर गुरूची खात्रीही उचलली. शिष्य ठिकठिकाणी प्राध्यापक झाले, त्यांनी आपले शिष्य तयार केले, आणि खोलगट छाती व सुजलेला हात घेऊन बायका घरी जात राहिल्या. लंडनचे जेफ्री केन्स लहान शस्त्रक्रिया व रेडियम यांवर भागवू लागले होते. अमेरिकेत त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी 1948 साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली. कोणाला औषध मिळावे हे तीत डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता बंद पाकिटावर सोपविले होते. औषधाला जो न्याय लागला तो सुरीला लागावयास आणखी वीसेक वर्षे गेली.

पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी 1971 साली हे धाडस केले. 1,600 हून अधिक स्त्रिया या चाचणीत आल्या. नुसता स्तन काढलेल्या आणि स्नायूंसकट सारे काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मर्यादेत फरक दिसला नाही. 25 वर्षांनंतरही नाही. स्तन राखून केवळ गाठ काढावी का, ही दुसरी चाचणी 1976 साली सुरू झाली आणि रखडली. शल्यवैद्य रोगी दाखल करीनात. हे विरोधक नव्हते बरे. आपखुशीने चाचणीत आलेले प्रमुख होते! त्यांनाच कारण विचारले गेले आणि उत्तरे 1984 साली छापून आली. शंभरांत 73 जणांना भीती होती की रोग्याशी असलेले आपले नाते बिघडेल. संमती घेणे अवघड जाते, असे 38 जणांनी सांगितले.

आम्हांला यातले पहिले उत्तर फार बोलके वाटते. रोग्याचा विश्वास आपल्या खात्रीवर उभा आहे, असे हे डॉक्टर धरून चालले होते. ते शिकले कोठे? पुस्तकात खासच नाही. गुरूमागून खाटेखाटेने फिरताना, गुरू कधीही अडखळले नाहीत हे पाहून. त्या न अडखळण्याची किंमत मात्र खाटेवरची बाई देत होती. 1985 साली निकाल लागला: गाठ काढून किरणोपचार दिले तरी जगण्यात उणे पडत नाही.

आमच्या परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातही 2005 ते 2013 या काळात अशी चाचणी झाली. निदानाच्या वेळीच रोग शरीरात अन्यत्र पसरलेल्या 350 स्त्रियांपैकी निम्म्यांचा स्तन काढला, निम्म्यांचा ठेवला; काढल्याने आयुष्य वाढले नाही. अशा चाचणीची संमती घेताना मुलगा किंवा नवरा शेजारी उभा असतो. कागद पुरा वाचून झाला की तो हमखास विचारतो, “डॉक्टरसाहेब, तुमची आई असती तर तुम्ही काय केले असते?” उमेदवार डॉक्टर तेव्हा मागे उभ्या असलेल्या वरिष्ठांकडे पाहतो.