डास, क्षेपणास्त्र आणि जाम झालेला नट

जुन्या जीपच्या मॅनिफोल्डचा नट पान्याला दाद देत नाही, पाना सटकून बोटं सोलवटतात, तेव्हा मिस्त्री पोऱ्याला हाक मारतो, ‘डब्ल्यूडी आण रे!’ निळा-पिवळा डबा येतो, लाल नळीतून फुस्सकन धार सुटते आणि स्टडवरून तांबूस ओघळ खाली उतरतो. त्या डब्याच्या नावात मात्र गंजाचा उल्लेखही नाही. डब्ल्यूडी म्हणजे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’, अर्थात पाणी हुसकावणं. आणि हे रसायन ज्या पत्र्यावरचं पाणी हुसकावण्यासाठी तयार झालं, तो पत्रा कुठल्या मोटारीचा नव्हता. तो अण्वस्त्र वाहून नेणाऱ्या अमेरिकी ‘ॲटलास’ क्षेपणास्त्राचा होता.

नट-बोल्टचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. 1841 साली इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचा कोन 55 अंश ठरवला, 1864 साली अमेरिकेत विल्यम सेलर्सने 60 अंशांचा आग्रह धरला आणि दोन देशांचे नट-बोल्ट एकमेकांना बसेनासे झाले. गंज दोघांनाही सारखाच. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. आट्यांमधल्या बारीक फटीत तो फुगून बसला की नट आणि बोल्ट एकजीव होतात. त्यावर रॉकेल पाजणं हा जुना उपाय. खास या कामाची तेलंही अमेरिकेत होतीच: ‘क्रॉइल’वाली कानो लॅबोरेटरीज 1939 ची, ‘लिक्विड रेंच’ 1941 चं. ही जाणती तेलं बाजारात असताना नाव झालं ते या कामासाठी न जन्मलेल्या तेलाचं. हे कसं घडलं, तीच खरी कुळकथा.

ती सुरू होते कॅलिफोर्नियात, समुद्रकाठच्या सॅन दिएगो शहरात. तिथे कॉनव्हेअर कंपनी ॲटलास बांधत होती. बेल्जियमहून आलेला अभियंता कारेल बोसार्ट याने वजन वाचवण्यासाठी क्षेपणास्त्राच्या आतला सांगाडाच काढून टाकला. उरल्या त्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, आणि त्यांचा पत्रा ठिकठिकाणी मिलिमीटरहून पातळ. टाकी रिकामी असली की आत नायट्रोजन भरून ती फुगलेली ठेवावी लागे, नाहीतर स्वतःच्याच वजनाने चेपायची. 1963 साली व्हॅन्डेनबर्ग तळावर दाब गेल्यामुळे एक ॲटलास उभ्या जागी कोसळलंही. अशा पत्र्याला गंजाचा ठिपकाही परवडणारा नव्हता. 1953 साली त्याच शहरातल्या ‘रॉकेट केमिकल’ या तीन माणसांच्या कंपनीने पाणी दूर ठेवणारा द्रव तयार केला. चाळिसावा प्रयोग जमला, म्हणून डब्ल्यूडी-40.

इथवरची गोष्ट कंपनी स्वतः सांगते. भांडण आहे ते कर्त्याच्या नावावरून. कंपनीच्या मते तो मान नॉर्म लार्सनचा. आयव्हर नॉर्मन लॉसन नावाच्या गृहस्थाचे कुटुंबीय म्हणतात, की सूत्र लॉसनने घरी बसून शोधलं आणि 500 डॉलरला रॉकेट केमिकलला देऊन टाकलं. दोघेही नॉर्मन, आडनावंही कानाला जवळजवळ सारखी. पेटंट घेतलं असतं तर शोधकाचं नाव सरकारदरबारी नोंदलं गेलं असतं. पण पेटंट घ्यायचं तर सूत्र उघड करावं लागतं, म्हणून कंपनीने ते कधी घेतलंच नाही आणि वाद कायमचा लोंबकळत राहिला. दोन्ही बाजूंना न्याय देणारा तर्क असा: मूळ पाककृती लॉसनची असूही शकेल, पण तिला गिऱ्हाईक मिळवून देणारा माणूस लार्सनच. पाचशे डॉलर देऊन सूत्र विकत घेता येतं, गिऱ्हाईक घेता येत नाही.

कारण पुढची चाल लार्सनची होती. कॉनव्हेअरचे कामगार हा द्रव गुपचूप घरी नेत असल्याची कथा प्रसिद्ध आहे. घरोघरी त्याचा उपयोग होतोय हे दिसल्यावर लार्सनने तो फवाऱ्याच्या डब्यात भरला आणि 1958 साली तो सॅन दिएगोच्या दुकानांत आला. हा डबा आला कुठून, तर डासांमुळे. नॉर्वेच्या एरिक रोथाइमने 1920 च्या दशकातच फवाऱ्याची कल्पना मांडली होती, पण ती चालली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांना मलेरियाच्या डासांपासून वाचवण्यासाठी अमेरिकी कृषी खात्यातल्या लाइल गुडह्यू आणि विल्यम सलिव्हन यांनी दाबाखालच्या वायूने कीटकनाशक उडवणारा जड पोलादी डबा बनवला. त्याचं पेटंट 1943 चं. 1949 मध्ये रॉबर्ट ॲबप्लानाल्पने स्वस्त झडप शोधली, डबा हलका झाला आणि त्यातून केसांच्या फवाऱ्यापासून रंगापर्यंत सगळं उडू लागलं.

या लेखाचा पक्ष असा, की गॅरेज जिंकलं ते या डब्याने, आतल्या तेलाने नव्हे. तेलाच्या कुपीतून थेंब पाडायचा तर नट वरच्या बाजूला हवा. गाडीखाली उताणं पडून डोक्यावरच्या स्प्रिंग-पट्ट्यांच्या नटवर तेल पोहोचवायला दाबाचीच धार लागते.

विरोधी पक्ष तेलाची बाजू घेतो आणि त्याचा पुरावाही दमदार आहे. सप्टेंबर 1961 मध्ये ‘कार्ला’ चक्रीवादळाने टेक्सासचा किनारा झोडपला. रॉकेट केमिकलच्या कामगारांनी शनिवारी कामावर येऊन जादा द्रव तयार केला आणि पुराच्या पाण्यात भिजलेल्या गाड्या नि यंत्रं त्याने दुरुस्त झाली. भिजलेल्या इग्निशनमधलं पाणी हुसकावणं हे खरोखर या तेलाचंच कर्तृत्व. बंद पडलेली मोटार ज्या डब्याने चालू केली, तोच डबा माणूस गंजलेल्या नटवरही मारणार! म्हणजे गॅरेजचं दार कार्लाने उघडलं आणि डब्याने आत बस्तान बसवलं, असा समेट करता येतो.

गंज सोडवण्यात मात्र हे तेल मागेच आहे. 2007 साली ‘मशिनिस्ट्स वर्कशॉप’ या अमेरिकी मासिकाने गंजवलेले नमुने घेऊन चाचणी केली. काहीही न लावता नट सुटायला सरासरी 516 पौंडांचा जोर लागला, डब्ल्यूडी-40 लावल्यावर 238, लिक्विड रेंचला 127, क्रॉइलला 106. ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन समभाग मिसळलेल्या घरगुती काढ्याला फक्त 53. एका चाचणीवर कुणी निकाल देऊ नये, शिवाय या काढ्यातले दोन द्रव एकमेकांत नीट मिसळत नाहीत, दर वेळी हलवूनच वापरावे लागतात. तरीही अनुभवी मिस्त्री आकडे न वाचताच म्हणतो, ‘तेल पाजून ठेव, रात्रभर मुरू दे.’ यामागे शास्त्र आहे. एडवर्ड वॉशबर्नने 1921 साली मांडलेल्या नियमानुसार बारीक फटीत दुप्पट खोल उतरायला द्रवाला चौपट वेळ लागतो. घाई करणाऱ्याच्याच बोल्टची मुंडी तुटते.

ती तुटलीच, तर क्षेपणास्त्राचं तेल बाजूला राहतं आणि लोहाराची विद्या कामाला येते. तुटलेल्या स्टडच्या तोंडावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंग भरतात. दहा मिलिमीटरचा स्टड पाचशे अंशांनी तापला की जाडीत साधारण 0.06 मिलिमीटर फुगतो, भोवतालच्या थंड लोखंडात दाबला जातो आणि निवताना आक्रसून गंजाची पकड फोडतो. मग एकदम उलटा फिरवायचा नाही. जरासा आवळायचा, जरासा सोडायचा, पुन्हा आवळायचा, आणि आट्यांतून लाल भुकटी गळू लागली की जिंकलं समजायचं.

भारतात हा डबा पिडिलाइटने विकला, म्हणजे चिकटवण्यासाठी घराघरांत पोहोचलेल्या फेविकॉलच्या मुंबईकर कंपनीने. तो जरूर बाळगा, पण पाण्यासाठी. गंजाला खास मुरणारं तेल आणि एक रात्र द्या. आणि वेल्डिंगचा टॉर्च पेटवण्याआधी नटवरचा फवारा फडक्याने कोरडा पुसा, डबा दूर ठेवा. त्यातला बराचसा भाग पेट्रोलियमचा आहे आणि तो पेटतो.