अपघातग्रस्तांची प्राथमिक तपासणी व तातडीचे उपचार : कोल्हापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
वैद्यकीय इतिहासाच्या लेखनात रुग्णालयांच्या इमारती, त्यांचे संस्थापक व शस्त्रक्रिया यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे अपघातस्थळ ते रुग्णालय या मधल्या टप्प्याला मिळालेले नाही. वास्तविक गंभीर जखमी माणसाचे भवितव्य अनेकदा याच टप्प्यात ठरते. या टप्प्याचा कोल्हापूरच्या संदर्भात मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संस्थानकालीन पार्श्वभूमी :
सुश्रुतसंहितेत सद्योव्रणाचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट असे सहा प्रकार सांगितले आहेत. लोकव्यवहारात मात्र मोडलेले हाड आणि हाडवैद्य ही सांगड कायम राहिली. तालमींच्या कोल्हापुरात निखळलेला खांदा बसविणाऱ्या जाणत्याला मान होता. ही विद्या उपेक्षणीय मुळीच नव्हती. परंतु पोटातील रक्तस्राव तिच्या आवाक्याबाहेरचा होता. मेजर चार्ल्स मँट या वास्तुविशारदाने आराखडा केलेले अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल हेच पुढे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले 'सीपीआर' झाले. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारले. शल्यचिकित्सा अशा रीतीने जवळ आली. तिथवर रुग्णाला पोहोचविण्याचा भार मात्र नातलगांवरच राहिला.

महामार्ग व दुखापतींचे बदलते स्वरूप :
पुणे-बंगळूर महामार्ग सुवर्ण चतुष्कोन योजनेत चौपदरी झाला आणि वाहनांचा वेग वाढला. गळीत हंगामात याच परिसरातील रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. मागे परावर्तक नसलेली ट्रॉली रात्रीच्या दुचाकीस्वाराला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. एकाच रुग्णाला डोके, छाती व मांडी अशा अनेक ठिकाणी दुखापत होऊ लागली, तेव्हा 'आधी काय पाहायचे' हा प्रश्न कळीचा झाला.

या प्रश्नाचे शिस्तबद्ध उत्तर एका विमान अपघातातून पुढे आले. फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का येथे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. जेम्स स्टायनर यांचे विमान कोसळले. पत्नीचा मृत्यू झाला, मुले जखमी झाली. ग्रामीण रुग्णालयात मिळालेले उपचार त्यांना अपुरे वाटले. त्यातून १९७८ मध्ये पहिला प्रशिक्षणवर्ग झाला व १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. मानेचा कणा स्थिर राखून श्वासमार्ग, मग श्वसन, रक्ताभिसरण, चेतासंस्थेची स्थिती आणि शेवटी कपडे दूर करून संपूर्ण शरीराची पाहणी, असा हा क्रम आहे. जो दोष आधी जीव घेईल तो आधी दूर करावयाचा, निदान पूर्ण होण्याची वाट पाहावयाची नाही, हे त्याचे सूत्र. अलीकडे धो-धो वाहणारे रक्त थांबविणे या क्रमाच्याही आधी आणले गेले आहे. 'सुवर्ण तास' ही संज्ञा मात्र मोजमापापेक्षा प्रचारासाठी अधिक उपयोगी पडली, असे म्हणावे लागते. साठाव्या मिनिटाला कोणतीही रेषा आखलेली नसते.

कायद्याची भीती :
भारतात या क्रमाच्या आड केवळ साधनांचा अभाव आला नाही. 'पोलीस केस' या दोन शब्दांनी अनेक दारे बंद ठेवली. मोटारीची धडक बसलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने न घेता अशा प्रकरणांसाठी अधिकृत असलेल्या वीस किलोमीटरवरील रुग्णालयाकडे धाडले व वाटेतच तो मरण पावला. या वृत्तावरून दाखल झालेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये प्राण वाचविण्याचे कर्तव्य कायदेशीर सोपस्कारांच्या आधीचे ठरविले. हे बंधन शासकीय व खासगी अशा दोन्ही डॉक्टरांवर आले.

तथापि निवाडा डॉक्टरांपुरता होता. रस्त्यावरच्या वाटसरूला जबाब, कोर्टाच्या फेऱ्या व हेलपाटे यांची धास्ती उरलीच. ती दूर करणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचे बळ दिले आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम १३४-अ आले. मधल्या सत्तावीस वर्षांच्या विलंबाची किंमत कोणत्याही नोंदवहीत नाही.

दरम्यान २००० मध्ये कोल्हापुरात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले व 'सीपीआर' त्यास जोडले गेले. २०१४ मध्ये राज्यात '१०८' क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ वाहनांसह सुरू झाली. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री शिवाजी पुलावरून मिनीबस पंचगंगेत कोसळून १३ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा मदतीला प्रथम धावले ते परिसरातील रहिवासीच. त्यांच्या हाती श्वासमार्ग मोकळा करण्याचे व मान स्थिर ठेवण्याचे ज्ञान पोहोचविण्याची जबाबदारी अद्याप कोणत्याही एका यंत्रणेने पूर्णतः आपली मानलेली नाही.