वर्गणीचा प्रोजेक्टर आणि हक्काची शाळा

वाशिम जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांत प्रोजेक्टर, टॅब, क्यूआर कोड हवेत की नकोत, हा प्रश्नच चुकीचा आहे. हवेतच! शहरातल्या कॉन्व्हेंटच्या पोराला जे मिळते ते मानोऱ्याच्या तांड्यावरच्या आणि रिसोडच्या भीमनगरातल्या पोरालाही मिळाले पाहिजे. खरा प्रश्न वेगळाच आहे : त्याचे पैसे कोणी द्यायचे?

हा प्रश्न आमचा नाही, जोतीरावांचा आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी मांडले की, महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो. निदान १२ वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. म्हणजे शाळा ही मेहेरबानी नव्हे. ती आपल्याच पैशाची परतफेड आहे.

१२ मार्च १९२७ रोजी, महाडच्या सत्याग्रहाच्या आठच दिवस आधी, बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात हाच धागा पुढे नेला. शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोहोचतात, हा हिशेब त्यांनी सरकारपुढे ठेवला. शिक्षण हे देवाणघेवाणीचे खाते नाही, हे ठणकावून सांगितले.

आता आजचे बघा. १९८४ मध्ये पुण्यात सुरू झालेली शासनाची बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद पडली. २०१५ पासून 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या काळात डिजिटल शाळांची लाट आली, पण ती बरीचशी लोकसहभागावर.

काही मित्र विचारतील, लोकसहभागात वाईट काय? गावाने शाळेवर माया करावी, यात वाईट काहीच नाही. पण ज्या गावात बागायतदार आहेत तिथे वर्गणी जमते. जिथले मायबाप मजुरीसाठी बाहेरगावी जातात तिथे कोण देणार? हक्काचे वर्गणीत रूपांतर झाले की जुनी उतरंड नव्या पडद्यावर दिसू लागते. २०१७ च्या अखेरीस कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय याच राज्यात झाला. २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हटले गेले. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता, तिथे दोन्ही बंद होते.

नीती आयोगाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्या चार आकांक्षित जिल्ह्यांत वाशिमचे नाव घातले. मागास म्हणायचे नाही म्हणून आकांक्षित! मग निधीही त्याच हिशेबाने हवा.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के जागा पालकांना दिल्या आहेत. कार्यकर्त्यांनो, जयंतीची कमान उभारतो त्याच तयारीने या समितीत बसा. विचारा : वीजबिल कोण भरते? बिघडलेला संच कोण दुरुस्त करते? शिक्षकाची रिकामी जागा कधी भरणार? शिक्षकाच्या जोडीला यंत्र आले तर स्वागत. शिक्षकाच्या जागी आले तर विरोध.

'शिका' हा आदेश आपल्याला आहे. शिकवण्याची जबाबदारी मात्र शासनाची आहे.

जयभीम!